नळी आणि दोरी

श्रोतेहो, जुन्या विहिरीच्या काठाचा दगड आपण पाहिलाच असेल. पोहऱ्याच्या दोराने त्याला खोल खाचा पडतात. रायफलीच्या पोलादी नळीचीही अशीच गत होते बरं का!

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक वर्षे दिसलेल्या थ्री-नॉट-थ्रीची पूर्वज म्हणजे ब्रिटिश फौजेने १८८८ साली घेतलेली ली-मेटफर्ड. गोळीला गिरकी मिळावी म्हणून नळीत पीळदार चर असतात. काळ्या दारूची काजळी कोपऱ्यांत साचू नये, म्हणून हिचे चर उथळ व गोलसर ठेवले होते. पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. तिच्या धगीने ते चर लवकर झिजले आणि नेम बिघडू लागला. तेव्हा १८९५ साली ली-एन्फील्डमध्ये सरळ कडांचे पाच चर आले. १९०१ साली कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनही ५८ वरून ३० टक्क्यांवर आणले गेले.

आता निगा पाहू. काडतुसाच्या टोपीतला मसाला जळून मिठासारखा क्षार नळीत राही. तो हवेतली ओल ओढी आणि गंज चढे. मीठ तेलात विरघळते का? नाही. म्हणून शिपाई आधी उकळते पाणी ओतीत, नळी कोरडी करीत, मग तेल लावीत. पण चिंधीची दोरी तिरपी ओढली, तर ती नळीचे तोंडच घासून काढी. गोळी शेवटी सुटते ती तिथूनच! मग नेमबाज कितीही तरबेज असो, गोळी भलतीकडे जाई.

गुरुजनहो, मुलांना एवढे जरूर सांगा: निगा न राखल्याने वस्तू बिघडते, तशी चुकीच्या निगेनेही बिघडते.