दोषसंकेत, एंजिनाचे

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखालील एंजिनात संवेदकांच्या मापनांत विहित मर्यादेबाहेरची तफावत आढळली, की नियंत्रक-संगणक आपल्या दप्तरी जी पाच चिन्हांची नोंद दाखल करतो, तिला दोषसंकेत म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना सक्तीच्या झालेल्या ओबीडी-२ पद्धतीतील ‘पी०१७१’ हा संकेत एंजिनाच्या पहिल्या बाजूस इंधनाच्या मानाने हवा अधिक झाल्याचे सांगतो. परंतु हवामापक मळला आहे, निर्वात नळी चिरली आहे, की इंधनाचा दाब उतरला आहे, याचा निवाडा तो करीत नाही, आणि म्हणूनच केवळ संकेत वाचून, ही तफावत टिपणारा ऑक्सिजन-संवेदकच बदलणे म्हणजे मालकावर नाहक भुर्दंड लादणे होय. संकेत पुसण्यापूर्वी दोषक्षणीची वेग, तापमान व भार यांची साठविलेली मापने अवश्य टिपून घ्यावीत. संकेताबरोबर तीही पुसली जातात.