आयन रोपणातून प्रकाशासाठी मार्ग

पारदर्शक स्फटिकाच्या पृष्ठभागाखाली, केसाहूनही बारीक थरात प्रकाश कोंडून त्याला हव्या त्या दिशेने नेण्याच्या तंत्रांपैकी आयन रोपण हे एक महत्त्वाचे तंत्र मानले जाते. प्रकाश अधिक अपवर्तनांकाच्या थरात, कमी अपवर्तनांकाच्या दोन सीमांमध्ये अडकून राहतो, हे यामागील तत्त्व. असा थर म्हणजेच प्रकाशीय तरंगवाहक.

प्रोटॉनांच्या माऱ्याने वितळलेल्या क्वार्ट्झच्या काचेत तरंगवाहक तयार होतो, हे शिनेलर, फ्लॅम आणि विल्मॉट यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. माऱ्यामुळे काच किंचित आकसते व तिचा अपवर्तनांक वाढतो. बहुतेक स्फटिकांत मात्र नेमके उलट घडते. तेथे माऱ्याने रचना विस्कटते, स्फटिक फुगतो आणि अपवर्तनांक घटतो. मग प्रकाशाचा मार्ग तयार होतो कसा?

याचे उत्तर आयनांच्या प्रवासात आहे. २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा हेलियम आयन सेकंदाला सुमारे १० हजार किलोमीटर वेगाने लिथियम नायोबेटच्या स्फटिकात शिरतो आणि साधारण ५ मायक्रोमीटरवर थांबतो. वाटेत त्याची ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना मिळते व स्फटिकाची हानी अल्पच होते. वेग मंदावल्यावर, अगदी शेवटी, तो अणुकेंद्रांवर आदळून अणू जागचे हलवतो. चौरस सेंटीमीटरमागे सुमारे एक कोटी अब्ज आयन सोडले की त्या खोलीवर विस्कटलेल्या अणूंची एक भिंत उभी राहते. वर हवा, खाली ही भिंत आणि मध्ये जवळजवळ अबाधित स्फटिक, असा तरंगवाहक सिद्ध होतो. हानी येथे दोष ठरत नाही, कारण ती प्रकाशाच्या वाटेत नसून वाटेच्या कडेला असते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाचे पीटर टाउनसेंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत अनेक पदार्थांवर पडताळून पाहिली.

ही भिंत पातळ असल्याने काही प्रकाश तिच्यातून पाझरतो. त्यावर उपाय म्हणून थोड्याफार वेगळ्या ऊर्जेचे आयन पुन्हा सोडून ती जाड केली जाते. वाटेत उरलेले रंगदोष सौम्य तापवून घालवता येतात.

पोटॅशियम नायोबेटच्या बाबतीत या पद्धतीचे मोल विशेष जाणवते. अवरक्त प्रकाशापासून निळा प्रकाश मिळवण्यास हा स्फटिक उत्तम. परंतु सुमारे २२० अंश सेल्सिअसच्या वर त्याची रचनाच बदलते. त्यामुळे लिथियम नायोबेटसाठी रूढ असलेली, सुमारे हजार अंशांवर टायटॅनियम मुरवण्याची रीत येथे निरुपयोगी ठरते. आयन रोपणाला असे तापमान लागत नाही. १९९० च्या दशकात झुरिच येथील संघीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच मार्गाने पोटॅशियम नायोबेटमध्ये तरंगवाहक बनवून निळा प्रकाश मिळवला. त्वरक यंत्राचा खर्च मात्र मोठा असल्याने हे तंत्र कारखान्यांत फारसे रुजले नाही.

आयन रोपणाचा अधिक व्यापक उपयोग मात्र वेगळ्याच रीतीने झाला. हेलियमने कमकुवत केलेल्या थरापाशी स्फटिक चक्क सोलून काढता येतो, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील गटाने १९९८ मध्ये लिथियम नायोबेटवर दाखवले. दूरसंचारातील वेगवान मॉड्युलेटरसाठी वापरले जाणारे लिथियम नायोबेटचे पातळ पापुद्रे आज आयन रोपणानेच अलग केले जातात.