नगरचा साकीनामा

नगरला पाहुणा आला की आपण त्याला भुईकोट किल्ला दाखवतो, मग डोंगरावरचा चांदबिबी महाल. तो महाल नसून सलाबतखानाची कबर आहे, हेही सांगतो. वेळ उरला तर भिंगारजवळच्या फराहबागेकडे नेतो. मात्र याच शहरात मद्यावरचे एक मोठे फारसी काव्य लिहिले गेले, हे सांगायचे आपल्याला सुचत नाही. सुचले तरी जीभ अडखळते. मुसलमानाने मद्याच्या काव्याचा अभिमान कसा बाळगावा?

काव्याचे नाव 'साकीनामा'. कवी मुल्ला नूरुद्दीन जुहूरी. इराणच्या खुरासानातील तुर्शीज हे त्याचे गाव. 1580 च्या सुमारास तो दख्खनेत आला आणि निजामशाहीच्या आश्रयाला राहिला. बुऱ्हाण निजामशाह दुसरा 1591 मध्ये तख्तावर बसला. चार हजारांहून अधिक शेरांचे हे काव्य जुहूरीने त्यालाच अर्पण केले. त्याच सुमारास अकबराचा वकील म्हणून फैजी नगरला आला होता. त्याने बादशहाला पाठवलेल्या पत्रांत इथल्या दोन कवींची तारीफ केली. एक जुहूरी आणि दुसरा त्याचा सासरा मलिक कुम्मी.

साकीनाम्यात कवी साकीला हाक मारतो, प्याला भर म्हणतो आणि त्या निमित्ताने जगाच्या नश्वरतेपासून राजाच्या औदार्यापर्यंत सगळे बोलून घेतो. जुहूरीच्या साकीनाम्यात बागही आहे आणि शहरही. ही बाग हवेतली नव्हे. कापूरवाडी, भिंगार, शहापूर अशा ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणून निजामशाहीने या कमी पावसाच्या मुलखात बागा फुलवल्या होत्या. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा होता.

द्राक्षेही परकी नव्हती. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा त्याने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. वर्षातून दोन बहार येतात असे त्याने लिहिले. आजही आपल्याकडचा बागायतदार द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा करतो, पीक मात्र एकच घेतो. हाच दौलताबाद 1499 मध्ये निजामशाहीत आला.

इटलीच्या टस्कनी प्रांतात 'विन सान्तो' नावाची पांढऱ्या द्राक्षांची वाइन होते. द्राक्षे माळ्यावर टांगून किंवा चटईवर पसरून सुकवतात, हिवाळ्यात त्यांचा रस काढतात आणि छोट्या पिंपांत बंद करून काही वर्षे ठेवतात. नावाचा अर्थच पवित्र मद्य. ख्रिस्ती उपासनेत मद्याला स्थान असल्याने तिथे ही परंपरा पिंपात टिकली. आपल्याकडे शरीयतने मद्य हराम ठरवले, म्हणून द्राक्षाचे मनुके आणि सिरका झाला. मद्याची परंपरा राहिली ती शायरीत.

याचा अर्थ दख्खनेचे सुलतान पीत नव्हते असा नाही. दरबारात प्याले फिरत, आणि ते झाकण्यात प्रामाणिकपणा नाही. पण शायरीतला प्याला दरवेळी दरबारातलाच असतो असे मानणेही चूक आहे. ज्याने आपल्या काव्यात साकीला हाक मारण्याची रीत रुजवली, त्या निजामीनेच शपथेवर सांगितले आहे की आपल्या ओठांना कधी मद्य लागले नाही. कुरआनने या जगातल्या मद्यात लोकांना काही फायदे असले तरी पाप त्याहून मोठे आहे असे बजावले, आणि जन्नतमध्ये 'शराबे तहूर'चा वायदाही केला. सूफींना मद्याची प्रतिमा परकी वाटली नाही ती यामुळेच. ज्या धर्मात प्याला वर्ज्य आहे, तिथेच तो अल्लाहच्या प्रेमाची खूण बनू शकला. जिथे रोज पितात तिथे तो नुसता प्याला राहतो.

इतिहासाने या काव्याला फार दिवस दिले नाहीत. 1594 मध्ये रेवदंड्यासमोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. 1595 मध्ये बुऱ्हाणशाह वारला. त्याच वर्षाअखेर शहजादा मुरादच्या फौजांनी नगरला वेढा घातला, आणि चांदबिबीने किल्ला राखला तो याच वेढ्यात. 1600 मध्ये किल्ला अकबराकडे गेला. जुहूरी विजापूरला गेला. तिथे इब्राहीम आदिलशाहाच्या 'किताबे नौरस'ची प्रस्तावना लिहून त्याने फारसी गद्यातही नाव कमावले आणि 1616 च्या सुमारास तिथेच देह ठेवला. पुढे गालिबसारख्या शायराने त्याला आपल्या उस्तादांत गणले. साकीनाम्याचे एक सचित्र हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फराहबागेचा तलाव केव्हाच कोरडा पडला.

तजकिऱ्यांतून एक आख्यायिका सांगितली जाते. साकीनाम्यावर खूश होऊन बुऱ्हाणशाहाने हत्तींवर लादून रोकड आणि सामान पाठवले. जुहूरी तेव्हा कहवाखान्यात हुक्का ओढत बसला होता. नोकरांनी पोच मागितली. त्याने चिठ्ठीवर एवढेच लिहिले की त्यांनी दिले, मीही दिले. आणि सगळे तिथेच गोरगरिबांत वाटून टाकले. दख्खनेत तंबाखूचा उल्लेख सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा असल्याने हुक्क्याचा तपशील नंतर जोडलेला असावा. गोष्ट खरी की रचलेली, कोण जाणे. पण ती सांगणाऱ्यांनी मद्याच्या कवीला मयखान्यात बसवले नाही, कहवाखान्यात बसवले, आणि त्याच्या हातून खैरात करवली. त्यांना साकीनामा नीट कळला होता.

आपण तो वाचायलाच कचरतो. फारसी गेली, म्हणून वाचता येत नाही. मद्याचे नाव आहे, म्हणून वाचावेसे वाटत नाही. दोन्ही कारणांनी नुकसान आपलेच होते. नगर म्हटले की आपल्याला वेढे आणि तोफा आठवतात. या मातीत एक कवी बागेत बसून साकीला हाक मारत होता, हेही आपल्या मुलांना मराठीत सांगायला हवे. नाहीतर आपण मागे फक्त लढाया ठेवल्या, असेच त्यांना वाटेल.