जॉनी कॅश : घरच्यांनी नाकारलेला आवाज

एखादं गाणं कुणाचं, हे कोण ठरवतं? गाणारा, ऐकणारा की बाजार? मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे ‘हे आपलं, ते त्यांचं’ ही वाटणी मला रोज भेटते. म्हणूनच जॉनी कॅश या अमेरिकन गायकाच्या १९९४ सालच्या ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ या अल्बमचा इतिहास मला जवळचा वाटतो.

कॅशचा जन्म १९३२ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या गरीब शेतकरी कुटुंबात झाला. लहानपण कापसाच्या शेतात राबण्यात गेलं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अशा कष्टकऱ्यांच्या गाण्यांमधून कंट्री संगीत घडलं. त्याचा बाजार मात्र नॅशव्हिल शहरात वसला. कॅश त्या बाजारातला मोठा तारा होता, पण त्याचं बाजाराशी पूर्ण कधी जमलं नाही. १९६४ मध्ये त्याने अमेरिकेच्या मूलनिवासींवरच्या अन्यायाची गाणी गायली. त्यातलं एक गाणं इवो जिमावर झेंडा उभारणाऱ्या आणि पुढे उपेक्षेत मेलेल्या आयरा हेज या आदिवासी सैनिकाचं होतं. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं टाळलं. तेव्हा कॅशने ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन ‘तुमची हिंमत कुठे गेली?’ अशा अर्थाचा सवाल थेट रेडिओवाल्यांना केला.

पुढे तुरुंगातल्या कैद्यांसमोर गायलेल्या अल्बमनी त्याला शिखरावर नेलं. मग उतरण लागली. ऐंशीच्या दशकातले त्याचे बरेच अल्बम फिके होते, हेही मान्य करायला हवं. १९८६ मध्ये कोलंबिया कंपनीने अठ्ठावीस वर्षांचं नातं तोडलं. कंट्री रेडिओला आता तरुण चेहरे हवे होते.

अशा वेळी त्याच्याकडे आला रिक रुबिन. रॅप आणि हेवी मेटलचा हा निर्माता कॅशच्या मुलाच्या वयाचा होता. त्याने कॅशला जी गाणी आवडतात ती म्हणायला सांगितलं. सोबतीला वादकांचा ताफा नव्हता. एक माणूस, एक गिटार, एवढंच. बहुतेक ध्वनिमुद्रण रुबिनच्या बैठकीच्या खोलीत आणि कॅशच्या लाकडी घरात झालं. दोन गाणी लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये श्रोत्यांसमोर झाली. तेरा गाण्यांमध्ये खून आहे, प्रार्थना आहे, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची वेदनाही आहे.

समीक्षकांनी अल्बम डोक्यावर घेतला. त्याच वर्षी बासष्ट वर्षांचा कॅश इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात रॉक ऐकणाऱ्या तरुणांसमोर गायला. कंट्री रेडिओने मात्र अल्बमकडे जवळपास पाठच फिरवली. बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो ११० व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला. ग्रॅमी मिळालं, पण ‘समकालीन लोकसंगीत’ या विभागात. ज्याने आयुष्यभर कंट्री गायलं, त्याच्या गाण्याला पुरस्कार मिळाला तो दुसऱ्याच नावाखाली.

पुढचा अल्बम ‘अनचेन्ड’. त्याला १९९८ मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेही रेडिओच्या आधाराशिवाय. तेव्हा रुबिनच्या कंपनीने पुन्हा ‘बिलबोर्ड’मध्येच पानभर जाहिरात दिली. नॅशव्हिल आणि कंट्री रेडिओच्या ‘पाठिंब्या’बद्दल उपरोधाने आभार, आणि सोबत कॅश रागाने मधलं बोट दाखवतोय असा जुना फोटो. चौतीस वर्षांच्या अंतराने दोन जाहिराती, आणि भांडण तेच.

यात रुबिनचंही व्यापारी डोकं होतं. काळ्या कपड्यांतला बंडखोर म्हातारा ही प्रतिमा तरुणांना विकली गेलीच. पण प्रतिमेवर एक अल्बम खपतो. कॅश पुढे नऊ वर्षं, आजारपणातही, गात राहिला. सप्टेंबर २००३ मध्ये तो गेला. २००६ मध्ये याच मालिकेतला पाचवा अल्बम बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर आला. असा मान त्याला १९६९ नंतर पहिल्यांदाच मिळाला, आणि तो बघायला तो नव्हता.

परंपरेचे राखणदार म्हणवणाऱ्यांना आपल्याच माणसाचा आवाज ओळखू आला नाही. ओळखला तो दाराबाहेरच्या एका रॅपवाल्याने. वर्गात एखादं मूल ‘ही माझी भाषा नाही’ म्हणतं, किंवा त्याला कुणी तसं सांगतं, तेव्हा मला हा म्हातारा आठवतो. दार बंद झालं म्हणून त्याने घर आपलं नाही असं मानलं नाही. तो गातच राहिला.