दुसरे दशक

मंडळाच्या पन्नास वर्षांकडे वळून पाहताना, या जयपुरात वाढलेल्या आपल्या मुलांबरोबरच येथल्या एका प्रयोगाचे आम्हांस स्मरण होते. १९९२ साली राजस्थानात ‘लोक जुंबिश’ उभी करणाऱ्या अनिल बोर्दिया यांनी २००१ साली ‘दूसरा दशक’ हे कार्य आरंभिले. शाळेबाहेर राहिलेली ११ ते २० वर्षांची मुलेमुली निवासी शिबिरांत एकत्र राहून अक्षरांबरोबर आरोग्य, शरीरातील बदल व जगण्याची कौशल्ये शिकली. तिकडे गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’मधून हाच संवाद साधला.

शाळांची दारे मात्र सहजी उघडली नाहीत. केंद्राने २००५ साली आखलेल्या किशोरावस्था-शिक्षणास २००७ साली महाराष्ट्र व राजस्थान यांसह अनेक राज्यांनी विरोध केला. त्याने मुलांचे प्रश्न थांबले नाहीत. ते विचारण्याची जागा तेवढी गेली.

गावी असे प्रश्न मावशी-आत्यांच्या कानी जात. परमुलखात त्या जवळ नाहीत. ते ऐकण्याचे काम आता मंडळाने करावे, गणेशोत्सवाइतक्याच निष्ठेने, असे आम्हांस वाटते.