मऊ स्प्रिंगची दणकट गाडी

आजचा इतिहास जरा ग्रीस लागलेला आहे, गाडीखाली वाकून बघावं लागेल. रेंज रोव्हर म्हटलं की आता आपल्याला टाटा आठवतात, कारण २००८ पासून ती कंपनी त्यांची आहे. पण ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची, इंग्लंडमधल्या सोलिहल गावची.

१९४८ मध्ये रोव्हर कंपनीने लँड रोव्हर आणली. तिला चारही बाजूंना पाटे होते, जुन्या जीपसारखे. पाट्याचा मोठा गुण असा की तो वजनही पेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. स्वस्त, साधा, तुटला तर गावातला लोहारही काहीतरी जुगाड करेल. पण पट्ट्या एकमेकींवर घासतात, चाकाला वर-खाली जायला जागा कमी मिळते आणि डांबरी रस्त्यावरसुद्धा पाठीचा भुगा होतो. लोकांची समजूत अशी की दणकट गाडी म्हणजे कडक गाडी. ही समजूत आजही गॅरेजमध्ये ऐकू येते बरं का!

कंपनीत स्पेन किंग नावाचे इंजिनिअर होते, रोव्हर चालवणाऱ्या विल्क्स बंधूंचे भाचे. असं सांगतात की त्यांनी कंपनीचीच रोव्हर २००० ही साधी कार खडबडीत रानातून नेली आणि ती तिथे अपेक्षेपेक्षा कितीतरी छान चालली. कारण काय, तर मऊ स्प्रिंग आणि चाकाला भरपूर हालचाल.

इथे जरा थांबू या, कारण सगळी मेख इथेच आहे. चिखलात तुम्हाला पुढे कोण नेतं? जमिनीला टेकलेलं चाक. चाक हवेत उचललं गेलं की ते नुसतं गरगर फिरतं आणि गाडी जागच्या जागी. मऊ, लांब स्प्रिंग खड्ड्यात चाक खाली सोडते, उंचवट्यावर वर घेते. आणि तीच स्प्रिंग हायवेवर तुम्हाला झोप लागेल इतकी आरामात नेते. म्हणजे दोन्हीकडची गरज एकच निघाली!

मग किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांनी कॉईल स्प्रिंग घेतल्या. ॲक्सल मात्र जुन्या पद्धतीचे सलगच ठेवले. कॉईल ॲक्सलला धरून ठेवत नाही, म्हणून पुढे-मागे वेगळे दांडे जोडावे लागले. दुसरी अडचण वजनाची: मऊ स्प्रिंगवर पाच माणसं आणि सामान टाकलं की गाडी मागून बसते. त्यावर मागच्या ॲक्सलला बोगे कंपनीचा हायड्रोमॅट लावला. हे यंत्र मला फार आवडतं. त्याला इंजिनाची जोड नाही, वेगळा पंप नाही. गाडी थोडी धक्के खात चालली की त्याच हालचालीने ते आतलं तेल दाबतं आणि मागची बाजू पुन्हा उचलून धरतं.

जून १९७० मध्ये रेंज रोव्हर बाजारात आली, व्ही-८ इंजिन आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक घेऊन. १९७२ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या मोहिमेने अशा दोन गाड्या पनामा-कोलंबियामधल्या डॅरिएनच्या जंगलातून नेल्या. तिथे डिफरन्शियल तुटले, हेही सांगायलाच हवं.

आणि एक किंमत रस्त्यावरही मोजावी लागली. वळणावर गाडी होडीसारखी कलायची. अँटी-रोल बार लावला असता तर कलणं कमी झालं असतं, पण तो बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो, मग खड्ड्यात एक चाक मोकळेपणाने खाली जात नाही. त्यांनी रानाची बाजू घेतली. माझ्या मते तेव्हा ते बरोबरच होतं, कारण गिऱ्हाईक शेतकरी होता.

पुढे गिऱ्हाईक बदललं. १९९० मध्ये एक खास आवृत्ती काढली आणि तिला अँटी-रोल बार बसवले. तिचं नाव सीएसके, म्हणजे चार्ल्स स्पेन्सर किंग, आपल्या स्पेन किंग यांचीच आद्याक्षरं!