बिनतारी ध्वनिप्रवाह

बिनतारी ध्वनिप्रवाह म्हणजे संगणकावरील ध्वनी रेडिओलहरींद्वारे घरातील स्पीकरपर्यंत पोहोचविण्याची पद्धत होय. त्यासाठी मुख्यतः ब्लूटूथ किंवा वाय-फाय वापरले जाते. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील परवानामुक्त वापराची व्याप्ती २०१८ मध्ये वाढविण्यात आली.

कार्यपद्धती

ब्लूटूथमध्ये संगणक व स्पीकर थेट जोडले जातात. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीस सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवर तो संकुचित करून पाठविला जातो. वाय-फाय पद्धतीत (उदा. २०१० मध्ये आलेले एअरप्ले) ध्वनी राउटरमार्फत जातो. खंड पडू नये म्हणून स्पीकर थोडा ध्वनी आधी साठवितो. त्यामुळे आवाज उशिरा येतो व चित्रपटात ओठांची हालचाल आणि संवाद जुळत नाहीत.

अडचणी व निवारण

स्पीकर यादीत न दिसणे : संगणक व स्पीकर एकाच जाळ्यावर असावे लागतात. राउटरचे पाहुण्यांसाठीचे जाळे उपकरणांना परस्परांपासून वेगळे ठेवते. व्हीपीएन किंवा फायरवॉलही शोधसंदेश अडवू शकते.

आवाज तुटणे : मायक्रोवेव्ह भट्टी, शेजारची वाय-फाय जाळी आणि संगणकाला जोडलेली यूएसबी ३.० उपकरणे २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात व्यत्यय आणतात. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गर्दी कमी असते. मात्र त्याच्या लहरी भिंतींतून अधिक क्षीण होतात. त्यामुळे नाशिकच्या पंचवटीसारख्या जुन्या वस्तीतील जाड भिंतींच्या वाड्यात केवळ पट्टा बदलणे पुरेसे ठरत नाही. राउटर मधल्या खोलीत, उंचावर ठेवणे किंवा राउटरपासून पुढील खोलीपर्यंत तार नेऊन तेथे दुसरे प्रक्षेपण केंद्र बसविणे अधिक उपयुक्त ठरते.

दर्जा एकाएकी घसरणे : ब्लूटूथ स्पीकरचा मायक्रोफोन सुरू होताच संगणक बहुधा संभाषणाच्या पद्धतीकडे वळतो आणि संगीत एकमार्गी व बोदे ऐकू येते. ध्वनीच्या मांडणीत संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन निवडल्यास दोष दूर होतो.

निदानाचा क्रम

प्रथम संगणकातच साठविलेली फाइल वाजवून पाहावी. ती सुरळीत वाजल्यास दोष इंटरनेट जोडणीत वा प्रसारण सेवेत असण्याची शक्यता अधिक. ती तुटल्यास घरातील जाळे तपासावे. त्यानंतर स्पीकर संगणकाजवळ आणावा. एका वेळी एकच बदल केल्यास दोषाचे कारण निश्चित करता येते.